विमानतळ आणि पर्यावरणीय अनुपालन : मंजुरीनंतरची जबाबदारी

देशातील नागरी विमान वाहतुकीचा विस्तार गेल्या दशकात झपाट्याने झाला आहे. २०१४ मध्ये कार्यरत विमानतळांची संख्या ७४ होती. 'उडान' या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेमुळे आणि नव्या जागी उभारलेल्या विमानतळांमुळे ती आता दीडशेच्या पुढे गेली आहे. लहान शहरे हवाई नकाशावर आली आणि प्रवासाचा वेळ वाचला. या विस्ताराची दुसरी बाजू मात्र धावपट्टीच्या कुंपणाबाहेर दिसते. रात्री घरावरून जाणारी विमाने, वळवलेले ओढे, तोडलेली झाडे आणि आटलेले झरे यांचा भार विमानाने कधीही प्रवास न केलेल्या माणसांवरही पडतो.

हा भार मर्यादित राहावा म्हणून विमानतळाला पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. सामान्य समजूत अशी की मंजुरी मिळाली म्हणजे पर्यावरणाचा प्रश्न सुटला. वस्तुतः मंजुरीने तो सुरू होतो. मंजुरीपत्रातील प्रत्येक अट पुढे वर्षानुवर्षे पाळली जाणे, त्याचा पुरावा ठेवला जाणे आणि तो जनतेला पाहता येणे, यालाच पर्यावरणीय अनुपालन म्हणतात. पर्यावरण, शासनव्यवहार आणि पायाभूत सुविधा हे तिन्ही घटक एकत्र आणणारा हा विषय स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

विमानतळ : एक छोटे नगर

विमानतळ म्हणजे केवळ धावपट्टी आणि प्रवासी इमारत नव्हे. तेथे इंधनाचे साठे असतात, वाहनतळ, उपाहारगृहे आणि मालवाहतुकीची गोदामे असतात, विमान दुरुस्तीच्या कार्यशाळा, डिझेल जनित्रे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे असतात. त्यामुळे पर्यावरणावरील भारही अनेक प्रकारचा असतो. त्याचे ढोबळ मानाने पाच भाग पाडता येतात : आवाज, हवेतील प्रदूषके, पाणी व निचरा, कचरा, आणि जमीन व जैवविविधता.

या भारांचे उगमही वेगवेगळ्या हातांत असतात. विमान चालवते विमान कंपनी, इंधन भरते तेल कंपनी, खाद्यपदार्थ पुरवतो तिसराच ठेकेदार आणि विमानतळाभोवतीच्या बांधकामांना परवानगी देते स्थानिक नियोजन प्राधिकरण. मंजुरीपत्र मात्र प्रकल्प प्रवर्तकाच्या, म्हणजे विमानतळ उभारणाऱ्या संस्थेच्या, नावे असते. अनेकांच्या कृतींसाठी एकाने उत्तरदायी असणे, ही या व्यवस्थापनातील मूळ अडचण आहे.

कायदेशीर चौकट

राज्यघटनेतील अनुच्छेद ४८अ राज्यसंस्थेवर पर्यावरणाच्या संरक्षणाची आणि संवर्धनाची जबाबदारी टाकतो, तर अनुच्छेद ५१अ (छ) ते नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवतो. ही दोन्ही कलमे १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाली. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात निरोगी पर्यावरणाचा हक्क अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

विमानतळाला लागू होणारे प्रमुख कायदे व नियम पुढीलप्रमाणे आहेत :

• जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आणि वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१. या दोन्ही कायद्यांखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्रथम स्थापनेची संमती आणि नंतर संचालनाची संमती घ्यावी लागते.

• पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६. याच कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना काढण्यात आली. या विषयावरील पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची होती.

• वनजमीन लागत असल्यास १९८० चा वन (संरक्षण) अधिनियम. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम असे झाले आहे.

• किनारी भाग असल्यास सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. १९९१ व २०११ नंतर तिची नवी आवृत्ती २०१९ मध्ये आली.

• घातक कचरा, इलेक्ट्रॉनिक कचरा, वापरलेल्या बॅटऱ्या व घनकचरा यांविषयीचे स्वतंत्र नियम.

आंतरराष्ट्रीय पातळीवर, १९४४ च्या शिकागो कराराचे १६ वे परिशिष्ट पर्यावरण संरक्षणाला वाहिलेले आहे. त्याच्या चार खंडांत अनुक्रमे विमानांचा आवाज, इंजिनांतील उत्सर्जन, विमानांचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठीची कार्बन प्रतिपूर्ती योजना, म्हणजेच 'कोर्सिया', यांचा समावेश आहे. कोर्सियाचा अनिवार्य टप्पा २०२७ पासूनचा असून भारत त्याच टप्प्यापासून सहभागी होणार आहे.

मंजुरीचे टप्पे

२००६ च्या अधिसूचनेत विमानतळ परिशिष्टातील अनुक्रमांक ७(अ) वर येतात आणि त्यांचा समावेश 'अ' प्रवर्गात होतो. म्हणजे त्यांचा विचार राज्य पातळीवर न होता केंद्रीय मंत्रालयातील तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे होतो. अधिसूचनेत छाननी, व्याप्ती निश्चिती, जनविचारविनिमय आणि मूल्यांकन असे चार टप्पे सांगितले आहेत. यांपैकी छाननीचा टप्पा 'ब' प्रवर्गासाठी असल्याने विमानतळाच्या बाबतीत उरलेले तीन टप्पे महत्त्वाचे ठरतात.

पहिल्या टप्प्यात प्रवर्तक 'नमुना १' भरून देतो. प्रकल्पाच्या १५ किलोमीटर परिसरातील वने, जलस्रोत, संवेदनशील अधिवास आणि दाट वस्ती यांची माहिती त्यात द्यावी लागते. या माहितीच्या आधारे समिती अभ्यासाची कार्यकक्षा ठरवते. मग मूल्यांकन अहवालाचा मसुदा तयार होतो, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घेते आणि सुनावणीतील आक्षेपांना उत्तरे देणारा अंतिम अहवाल समितीपुढे येतो. समितीच्या शिफारशीनंतर मंत्रालय अटींसह मंजुरी देते किंवा ती नाकारते.

ही साखळी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या नमुन्यात जे लिहिले गेले नाही, त्याचा पुढे अभ्यास होत नाही. ज्याचा अभ्यास झाला नाही, त्याविषयी अट घातली जात नाही. आणि जी अट नाही, तिच्या पालनाचा प्रश्नच उद्भवत नाही. अनुपालनाचा पाया अर्जातील प्रामाणिक माहिती हाच असतो. मोपा विमानतळाच्या प्रकरणाने हे देशापुढे आणले.

मोपा : माहितीपासून देखरेखीपर्यंत

उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेलगत, मोपाचे जांभ्या दगडाचे पठार आहे. कोकणातील अशी पठारे वरून उजाड वाटली तरी पावसाचे पाणी मुरवून उतारावरील झऱ्यांना पुरवण्याचे काम करतात. या पठारावरील विमानतळाला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. तिच्याविरुद्धची अपिले राष्ट्रीय हरित लवादाने २०१८ मध्ये काही जादा अटी घालून फेटाळली. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२९ मार्च २०१९ च्या निकालात न्यायालयाने मंजुरी स्थगित केली. अर्जाच्या नमुन्यात परिसरातील वने व जलस्रोत यांसारख्या बाबींची माहिती पूर्णपणे दिलेली नव्हती. प्रकल्पासाठी पन्नास हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. तिचे चित्रही मूल्यांकनात नीट उमटले नव्हते. तज्ज्ञ समितीने या उणिवा तपासायला हव्या होत्या आणि शिफारस करताना कारणे द्यायला हवी होती, असे न्यायालयाने नमूद केले. प्रकल्प रद्द न करता तो फेरविचारासाठी समितीकडे पाठवण्यात आला. पर्यावरणाच्या क्षेत्रातही कायद्याचे राज्य असले पाहिजे आणि निर्णयप्रक्रिया हा त्याचा गाभा आहे, हे या निकालाचे सूत्र होते.

समितीने पुन्हा मूल्यांकन करून जादा अटींची शिफारस केली. १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली. मात्र अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्यासाठी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, म्हणजेच नागपूरच्या 'नीरी'ची, नियुक्ती केली. विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली.

या प्रकरणातून तीन बोध मिळतात. अपूर्ण माहितीची किंमत शेवटी प्रकल्पालाच विलंबाच्या रूपाने मोजावी लागते. समितीचे मूल्यांकन हे औपचारिक शिक्कामोर्तब नसून सकारण निर्णय असला पाहिजे. आणि अटी घालणाऱ्या यंत्रणेखेरीज त्या तपासणारी तिसरी, स्वतंत्र यंत्रणा असल्यास विश्वास वाढतो.

केरळमधील अरनमुळा प्रकल्पाचे उदाहरण यासोबत अभ्यासावे. तेथील मूल्यांकन करणारी सल्लागार संस्था विमानतळ क्षेत्रासाठी मान्यताप्राप्त नव्हती. अन्य उणिवांबरोबर या कारणावरूनही राष्ट्रीय हरित लवादाच्या चेन्नई येथील पीठाने मे २०१४ मध्ये मंजुरी रद्द केली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

आवाज : सरासरीच्या आड दडलेली रात्र

विमानतळाविषयीची सर्वाधिक तक्रार आवाजाची असते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी मात्र जून २०१८ मध्ये स्वतंत्र मानके अधिसूचित झाली. वर्षाला ५० हजारांहून अधिक विमानांची ये-जा असणाऱ्या गजबजलेल्या विमानतळांसाठी ती दिवसा ७० व रात्री ६५ डेसिबल, तर इतर विमानतळांसाठी दिवसा ६५ व रात्री ६० डेसिबल अशी आहेत. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि उरलेले आठ तास ही रात्र समजली जाते.

हे आकडे समजून घेताना डेसिबल ही घातांकी मोजपट्टी आहे हे विसरू नये. तीन डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट, दहा डेसिबलची वाढ म्हणजे दहापट आणि वीस डेसिबलची वाढ म्हणजे शंभरपट. निवासी क्षेत्राची रात्रीची मर्यादा ४५ आणि गजबजलेल्या विमानतळाच्या ध्वनिक्षेत्राची ६५ असेल, तर या दोन रेषांमधील ध्वनिऊर्जेचे अंतर शंभरपट आहे. एखादी वस्ती ध्वनिक्षेत्राच्या रेषेच्या आत येते की बाहेर, याला रहिवाशांच्या दृष्टीने एवढे महत्त्व त्यामुळेच आहे.

दुसरा मुद्दा सरासरीचा. मोजमाप ठराविक कालावधीच्या समतुल्य ध्वनिपातळीत होते. त्याच प्रकारच्या विमानांची रात्रीची संख्या दुप्पट झाली तरी ही पातळी केवळ तीन डेसिबलने वाढते. मर्यादा ओलांडली जात नाही, पण झोप मात्र पूर्वीच्या दुप्पट वेळा मोडते. यास्तव चांगल्या देखरेखीत सरासरीसोबत रात्रीच्या उड्डाणांची संख्या आणि प्रत्येक उड्डाणाची कमाल पातळीही नोंदवली जाते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ मध्ये 'संतुलित दृष्टिकोन' स्वीकारला. त्याचे चार घटक आहेत : उगमापाशीच आवाज कमी करणे, भूवापराचे नियोजन, उड्डाण व अवतरणाच्या कमी आवाजाच्या पद्धती, आणि शेवटचा उपाय म्हणून उड्डाणांवर निर्बंध. यांपैकी भूवापर नियोजन भारतात सर्वात दुबळे आहे. ध्वनिनकाशा विमानतळ तयार करतो, परंतु त्या नकाशातील जमिनीवर घरे बांधू द्यायची की गोदामे, हे नगरपालिका किंवा नियोजन प्राधिकरण ठरवते. ध्वनिनकाशा विकास आराखड्याचा भाग झाला नाही, तर आजची मोकळी जागा उद्याची तक्रार ठरते.

हवा : जमिनीवरची सव्वीस मिनिटे

विमानतळ परिसरातील उत्सर्जन मोजण्यासाठी अवतरण आणि उड्डाणाचे एक प्रमाणित चक्र मानले जाते. त्यात जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंतच्या हालचाली येतात. या चक्रात उड्डाणाला ०.७ मिनिट, चढणीला २.२ मिनिटे, खाली उतरण्याला ४ मिनिटे आणि जमिनीवर सरकण्याला व थांबण्याला २६ मिनिटे धरली जातात. म्हणजे सुमारे ३३ मिनिटांपैकी जवळपास चार पंचमांश वेळ विमान जमिनीवर असते.

या काळात इंजिन अवघ्या ७ टक्के क्षमतेवर चालते, असे प्रमाण धरतात. कमी क्षमतेवर इंधनाचे ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन अधिक बाहेर पडतात. नायट्रोजनची ऑक्साइडे याउलट पूर्ण क्षमतेच्या उड्डाणावेळी जास्त निर्माण होतात. यावरून उपायांची दिशा ठरते. धावपट्टीकडे जाताना दोनपैकी एकच इंजिन चालवणे, थांब्यावरील विमानाला स्वतःच्या सहायक इंजिनाऐवजी इमारतीतून वीज व थंड हवा पुरवणे, सामानाच्या गाड्या विजेवर चालवणे आणि रांगेतील प्रतीक्षा कमी करणे, हे उपाय इंधनाचीही बचत करतात.

वीजवापराच्या बाबतीत भारतीय विमानतळांची कामगिरी उल्लेखनीय आहे. कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१५ मध्ये संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ ठरला. त्यासाठी १२ मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला होता. २०१८ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पुरस्कार मिळाला. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ जून २०२२ पासून जलविद्युत व सौरविजेवर चालतो. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवावा. विमानतळाच्या इमारतीचे उत्सर्जन आणि तेथून उडणाऱ्या विमानांचे उत्सर्जन या वेगळ्या गोष्टी आहेत. 'कार्बन-तटस्थ विमानतळ' याचा अर्थ 'कार्बन-तटस्थ विमान प्रवास' असा होत नाही.

पाणी : पावसाळ्याची परीक्षा

धावपट्टीला सपाट आणि विस्तीर्ण जमीन लागते. अशी जमीन बहुधा नदीकाठी, खाडीकाठी किंवा पठारावर मिळते. मुंबईत मिठी नदीचा प्रवाह विमानतळाच्या आवारातून वळणे घेत जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि विमानतळ बंद पडला. चेन्नईत दुय्यम धावपट्टी अड्यार नदीवरील पुलावरून जाते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात तो विमानतळ अनेक दिवस बंद होता. कोचीचा विमानतळ तर ज्या वर्षी सौरऊर्जेसाठी गौरवला गेला, त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये पेरियारच्या पुरामुळे दोन आठवडे बंद ठेवावा लागला. ऊर्जेच्या बाबतीत आदर्श ठरलेल्या विमानतळालाही पाण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो, हे यातून दिसते.

नवी मुंबई विमानतळाच्या मंजुरीत हाच प्रश्न केंद्रस्थानी होता. नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा उलवे नदीचा प्रवाह वळवणे, टेकडी सपाट करणे, नष्ट होणाऱ्या कांदळवनाची भरपाई आणि गावांचे पुनर्वसन हे विषय चर्चेत होते. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाली. मंजुरी आणि पहिले उड्डाण यांत पंधरा वर्षांचे अंतर पडले. एवढ्या काळात अधिकारी, कंत्राटदार आणि कधीकधी प्रवर्तकही बदलतात. अटी मात्र त्याच राहतात. संस्थेची स्मृती टिकवणे हा यासाठीच अनुपालनाचा भाग ठरतो.

मूल्यांकन अहवालासाठी मूलभूत माहिती अनेकदा पावसाळा वगळून एकाच ऋतूत गोळा केली जाते. आपल्या देशात निचऱ्याचे खरे स्वरूप मात्र पावसाळ्यातच कळते. हा विरोध अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा.

कचरा आणि पक्षी

विमानतळावरील कचऱ्यात प्रवाशांचा ओला-सुका कचरा, विमानातील खाद्यपदार्थांचे अवशेष, कार्यशाळेतील वापरलेले तेल व तेलकट चिंध्या, जुन्या बॅटऱ्या अशी विविधता असते. प्रत्येकाचा नियम वेगळा आणि नोंदवहीही वेगळी. घातक कचरा केवळ अधिकृत प्रक्रियाकाराकडेच आणि मालासोबतच्या विहित नोंदपत्रासह पाठवावा लागतो.

कचऱ्याचा संबंध थेट सुरक्षिततेशीही आहे. उघड्या कचऱ्यावर घारी व इतर पक्षी जमतात आणि विमानाला पक्षी धडकण्याचा धोका वाढतो. यासाठी विमान नियमावली, १९३७ मधील नियम ९१ ने विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल करण्यास व कचरा टाकण्यास मनाई केली. येथेही अंमलबजावणी कुंपणाबाहेरच्या स्थानिक संस्थेच्या हाती असते.

अनुपालनाचे व्यवस्थापन कसे होते?

मंजुरीपत्र, दोन संमतीपत्रे, वनविषयक मान्यता आणि न्यायालयीन आदेश मिळून एका विमानतळाला लागू असणाऱ्या अटींची यादी बरीच मोठी होते. त्यांचे व्यवस्थापन करण्याची रूढ पद्धत म्हणजे अनुपालन नोंदवही. तिच्यात प्रत्येक अटीपुढे सहा गोष्टी लिहिल्या जातात : अटीचा कायदेशीर आधार, जबाबदार अधिकारी, करावयाची कृती, वारंवारता, पुरावा आणि पुढील तारीख.

उदाहरणार्थ, 'विमान उभे राहण्याच्या जागेवरील पावसाचे पाणी तेल वेगळे करूनच नाल्यात सोडावे' अशी अट आहे, असे समजू. ही अट जशीच्या तशी कोणाच्याही कामाच्या यादीत बसत नाही. तिचे तुकडे करावे लागतात. तेल-पाणी विभाजकाची पावसाळ्यापूर्वी सफाई करणे हे अभियांत्रिकी विभागाचे काम. इंधन सांडल्यास तत्काळ कळवणे हे इंधन पुरवठादाराचे. ते त्याच्या करारात लिहिलेले असले पाहिजे. पावसाळ्यात दर महिन्याला नमुना घेणे हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे. नाल्यात किंवा नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी तेल व ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा दर लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडल्यास झडप कोणी बंद करायची, हेही आधीच ठरलेले हवे. सफाईची तारीखवार नोंद, छायाचित्र आणि प्रयोगशाळेचा अहवाल हा पुरावा. एवढे झाले तरच 'अटीचे पालन झाले' हे विधान तपासता येते. अन्यथा ते केवळ वाक्य असते.

वर्षाच्या वेळापत्रकातील तीन तारखा परीक्षार्थींनी लक्षात ठेवाव्यात. २००६ च्या अधिसूचनेनुसार अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबर रोजी सादर करावयाचा असतो आणि तो जनतेसाठी खुला असतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ खालील वार्षिक पर्यावरण विवरणपत्र नमुना ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत राज्य मंडळाकडे द्यावे लागते. मंजुरीचे अर्ज व त्यांची प्रगती २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'परिवेश' या संकेतस्थळावर पाहता येते.

उणिवा आणि मार्ग

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या ३९ क्रमांकाच्या अहवालाने पर्यावरणीय मंजुरी आणि त्यानंतरची देखरेख यांची तपासणी केली होती. देखरेखीतील त्रुटी आणि प्रादेशिक कार्यालयांतील मनुष्यबळाची कमतरता त्यातून पुढे आली. मंजुरी देणारी यंत्रणा दिल्लीत, संमती देणारे मंडळ राज्यात आणि भूवापर ठरवणारी संस्था स्थानिक, अशी विभागणी असल्याने एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो.

दंडाची रचनाही बदलली आहे. जनविश्वास (तरतुदींमध्ये सुधारणा) अधिनियम, २०२३ ने पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातील उल्लंघनासाठीच्या कारावासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या आर्थिक दंडाची तरतूद केली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. न्यायालयीन खटल्यांपेक्षा निर्णय लवकर होईल, ही त्यामागची भूमिका. दुसरीकडे, हजारो कोटींच्या प्रकल्पाला पंधरा लाखांचा धाक कितपत वाटेल, हा आक्षेपही रास्त आहे. व्यवहारात मोठ्या प्रकल्पाला खरी चिंता असते ती मंजुरी स्थगित होण्याची, जसे मोपात घडले. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. पुरेसे कारण असल्यास लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकतो.

यापुढील दिशा स्पष्ट आहे. जादा माहिती दडवण्यापेक्षा देण्यात प्रकल्पाचे हित आहे, हे प्रवर्तकाने ओळखले पाहिजे. ध्वनिनकाशे विकास आराखड्यांशी जोडले गेले पाहिजेत. सहामाही अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत उपलब्ध असला पाहिजे. झऱ्याचे पाणी कमी झाले की नाही, हे त्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या गावाला सर्वात आधी कळते. त्या गावाला अहवाल वाचता आला, तर देखरेखीसाठी मोठ्या यंत्रणेची वाट पाहावी लागणार नाही.

समारोप

विमानतळ हा काही दशके नव्हे, तर पिढ्यानुपिढ्या चालणारा प्रकल्प असतो. त्याच्या उद्घाटनाचा दिवस एक असतो. अनुपालनाचे दिवस रोजचे असतात. अर्जातील खरी माहिती, समितीचे सकारण मूल्यांकन, पुराव्यासह पाळलेली अट आणि लोकांना वाचता येणारा अहवाल या चार पायऱ्यांपैकी एक जरी निखळली, तरी मंजुरीपत्र हा कागदच उरतो. विकास आणि पर्यावरण यांच्यातील समतोल हा शब्दप्रयोग परीक्षेच्या उत्तरांत वारंवार येतो. विमानतळाच्या बाबतीत तो समतोल या चार पायऱ्यांवरच साधला जातो.

लक्षात ठेवण्याजोगे मुद्दे

• २००६ ची अधिसूचना : विमानतळ ७(अ), प्रवर्ग 'अ', केंद्रीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती.
• ध्वनिमानके, २०१८ : गजबजलेले विमानतळ ७०/६५ डेसिबल, इतर ६५/६० डेसिबल.
• संतुलित दृष्टिकोन, २००१ : चार घटक.
• मोपा प्रकरण : मंजुरी २०१५, स्थगिती २०१९, स्थगिती उठवली २०२०, देखरेख नीरीकडे.
• अहवालांच्या तारखा : १ जून, १ डिसेंबर, ३० सप्टेंबर.

सरावासाठी प्रश्न

१. 'पर्यावरणीय मंजुरी हा अनुपालनाचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे.' मोपा विमानतळाच्या संदर्भात चर्चा करा.
२. विमानतळाच्या आवाजाचे नियंत्रण हे मुख्यतः भूवापर नियोजनाचा प्रश्न का ठरते, ते स्पष्ट करा.
३. पर्यावरणविषयक उल्लंघनासाठी कारावासाऐवजी आर्थिक दंड ठेवण्याचे फायदे व मर्यादा सांगा.
४. नदीकाठच्या विमानतळांपुढील निचऱ्याच्या समस्या मुंबई, चेन्नई व कोची यांच्या उदाहरणांनी विशद करा.